पूर येतो तेव्हा सरकार म्हणजे नेमकं कोण?

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की तब्येतीच्या आधी नदीची चौकशी होते. "पाणी किती फुटांवर?" राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेली की धोका पातळी, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेसाठी हेच आकडे ४० आणि ४५ फूट आहेत. पण पाणी त्या आकड्यावर पोचल्यानंतर काय होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. कोण कोणाला फोन करतं? गाव रिकामं करा, हे सांगण्याचा अधिकार कोणाचा? बोट कोणाची, निवारा केंद्रातल्या जेवणाचे पैसे कोण देतं? आणि 'लष्कराला पाचारण' अशी बातमी येते तेव्हा पाचारण करतं कोण?

ही माहिती सामान्य माणसाला हवीच, असं मला वाटतं. संकटात आपण ज्याच्यावर विसंबून असतो, त्याचं काम कसं चालतं हे ठाऊक असेल तर योग्य दार वाजवता येतं आणि नंतर योग्य माणसाला जाब विचारता येतो. इथे उदाहरण महाराष्ट्राचं घेतलं आहे. मूळ कायदा केंद्राचा असल्यामुळे मुख्य सांगाडा इतर राज्यांतही असाच आहे.

आपत्ती व्यवस्थापन म्हटलं की डोळ्यांपुढे नारिंगी कपड्यांतले जवान आणि रबरी बोटी येतात. प्रत्यक्षात पूर आला की बाहेर पडेल अशी मोठी स्वतंत्र फौज राज्य सरकारकडे नसते. महसूल, पोलीस, जलसंपदा, आरोग्य, सार्वजनिक बांधकाम, वीज, एसटी, अग्निशमन ही रोजचीच खाती असतात आणि माणसंही रोजचीच. एरवी प्रत्येक खातं आपापल्या वरिष्ठाकडे बघून चालतं. संकटाच्या काळात त्या सगळ्यांनी एका माणसाच्या शब्दावर हलावं, अशी कायद्याने केलेली सोय म्हणजे आपत्ती व्यवस्थापन. ही सोय पुराच्या रात्री उभी करता येत नाही. ती मे महिन्यात उभी राहते किंवा मग राहतच नाही.

जिल्हाधिकारीच का?

राज्यघटनेत केंद्राचे विषय, राज्याचे विषय आणि दोघांचे सामाईक विषय अशा तीन सूची आहेत. 'आपत्ती' हा विषय त्यांपैकी एकीतही नाही. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, जमीन, पाणी हे विषय राज्याकडे असल्यामुळे संकटाची पहिली जबाबदारी राज्याची आणि केंद्र मदतीला, अशी वहिवाट पडली. २००५ साली संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला, तोही सामाईक सूचीतल्या 'सामाजिक सुरक्षा' या विषयाचा आधार घेऊन. डिसेंबर २००४ ची सुनामी तेव्हा ताजी होती. आपल्याकडे त्याच २००५ साली २६ जुलै घडला होता. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. दक्षिण मुंबईत बसलेल्याला उपनगरात काय चाललंय याचा अंदाजच येऊ नये, इतका हा फरक होता.

महाराष्ट्राने हा धडा त्याआधीही घेतला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून गावं झोपली होती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली, ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. त्या पुनर्वसनाच्या काळातच मंत्रालयातला नियंत्रण कक्ष, जिल्ह्याजिल्ह्यांतले कक्ष आणि लेखी आपत्ती आराखडे या गोष्टी राज्यात आकाराला आल्या. केंद्राचा कायदा त्यानंतर दहा-बारा वर्षांनी आला.

आता त्या कायद्यातली रचना. दिल्लीत राष्ट्रीय प्राधिकरण, त्याचे अध्यक्ष पंतप्रधान. राज्यात राज्य प्राधिकरण, त्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री. जिल्ह्यात जिल्हा प्राधिकरण, त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. या तिन्हींच्या मधोमध एक समिती आहे जिचं नाव फारसं कुणी घेत नाही, पण खात्यांना हुकूम तिच्यामार्फत सुटतात. ती म्हणजे मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची राज्य कार्यकारी समिती. करोनाच्या काळात दुकानं किती वाजता उघडायची, कुठली गाडी सोडायची, याचे आदेश आठवत असतील. त्यांच्याखाली मुख्य सचिवांची सही असे ती या समितीचे अध्यक्ष म्हणून. त्या आदेशांना दोन कायद्यांचा आधार होता. एक हा २००५ चा आणि दुसरा १८९७ चा साथरोग कायदा, जो मुंबईतल्या प्लेगमुळे झाला होता.

थोडक्यात, मुख्यमंत्री धोरण ठरवतात, मुख्य सचिव खात्यांना जुंपतात आणि जमिनीवर निर्णय घेतात ते जिल्हाधिकारी. रोजचं काम मदत व पुनर्वसन विभाग बघतो आणि मंत्रालयातला राज्य आपत्कालीन कार्य केंद्राचा कक्ष चोवीस तास चालू असतो.

पण सगळी सूत्रं महसूल खात्याकडे का? पोलिसांकडे किंवा अग्निशमन दलाकडे का नाहीत? याचं उत्तर दुष्काळात आहे. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने आयोग नेमला, पुढे प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता आल्या आणि कामं काढणं, धान्य पुरवणं, माणसं मोजणं हे सगळं कलेक्टरच्या गळ्यात पडलं. सारा गोळा करायला गावोगाव पसरलेली यंत्रणा फक्त त्याच्याकडे होती. १९७२ च्या दुष्काळातही भार वाहिला तो याच यंत्रणेने. तलाठी, कोतवाल, पोलीस पाटील, वर मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त अशी ही साखळी आहे. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे आणि ओढ्याला पाणी आलं की कुठली वस्ती तुटते, हे ज्याला तोंडपाठ असावं असा सरकारचा माणूस याच साखळीच्या शेवटच्या कडीवर असतो. तलाठ्याचं पदनाम आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालं आहे, काम तेच आहे.

कायद्याने जिल्हाधिकाऱ्याला दिलेले अधिकार थोडेथोडके नाहीत. रस्ता बंद करता येतो, वस्ती हलवता येते, शाळा, मंगल कार्यालय, ट्रक, जेसीबी, बोट ताब्यात घेता येते. अर्थात त्याचा मोबदला द्यावा लागतो. तातडीची खरेदी निविदा न काढता करता येते. हुकूम मोडणाऱ्याला, किंवा नेमून दिलेलं काम टाळणाऱ्या अधिकाऱ्याला, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'धरण फुटलं' अशी खोटी आवई उठवून घबराट पसरवणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा आहे. मोबाइलवर आलेला मजकूर पुढे ढकलण्याआधी ही शेवटची तरतूद आठवायला हवी.

मे महिन्यातलं काम

दर मे महिन्यात जिल्ह्याजिल्ह्यांत मान्सूनपूर्व बैठक होते. वर्तमानपत्रात तिची चार ओळींची बातमी येते. वाचणाऱ्याला ती रटाळ वाटते, पण जुलैचा निकाल बहुतांशी तिथेच लागलेला असतो.

या बैठकीत खरं काय ठरायला हवं? पूरबाधित गावांची यादी, आणि त्यातल्या प्रत्येक गावासाठी किती फुटांवर कुठली गल्ली हलवायची याचा हिशेब. कुठल्या शाळेत किती माणसं मावतात, तिथे संडास आहेत का, पिण्याचं पाणी आहे का. पाण्यामुळे तुटणाऱ्या गावांत दोन-तीन महिन्यांचं रेशन आधी पोचलं का. नववा महिना लागलेल्या बाया कुठल्या वाड्यांवर आहेत आणि त्यांना दवाखान्याजवळ कधी आणायचं. रबरी बोटी फुगवून, इंजिन चालू करून पाहिली का. कागदावर बोट असते, गोदामात तिला उंदरांनी कुरतडलेलं असतं, ही शक्यता गृहीत धरूनच तपासणी व्हावी लागते. पट्टीचे पोहणारे कोण, सर्पमित्र कोण, गावात ट्रॅक्टर कोणाकडे आहे, यांचे मोबाइल नंबर गेल्या वर्षीचेच चिकटवलेत की लावून पाहिलेत?

१ जूनपासून सगळ्या खात्यांचे नियंत्रण कक्ष चोवीस तास चालू ठेवले जातात. जिल्हा कक्षाचा नंबर १०७७, राज्य कक्षाचा १०७०. मुंबईत महापालिकेचा १९१६. पोलीस, आग, रुग्णवाहिका कशासाठीही ११२, आणि फक्त रुग्णवाहिकेसाठी १०८. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, म्हणजे एनडीआरएफच्या, तुकड्या पावसाळ्याच्या तोंडावर कोल्हापूर, रायगड, रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांत आधीच आणून ठेवल्या जातात. पुण्याहून निघालेली तुकडी घाटात दरड कोसळल्यावर महाडला पोचणार कशी, असा हा साधा विचार आहे.

पाणी चढताना

आता कोल्हापूरचंच उदाहरण जरा जवळून पाहू.

हवामान खात्याचा इशारा रंगात येतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. हा इशारा मंत्रालयात, विभागीय आयुक्तांकडे आणि जिल्हा कक्षात एकाच वेळी पोचतो. पण जिल्हा एवढा मोठा की गगनबावड्यात धो-धो पाऊस आणि शिरोळमध्ये ऊन असं सहज होतं. म्हणून कोल्हापूरकरांचं लक्ष आभाळापेक्षा धरणाकडे असतं. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, एकेका दरवाज्यातून १,४२८ क्युसेक पाणी भोगावतीत पडतं. तिथे 'उघडू की नको' हा निर्णय कुणा अधिकाऱ्याच्या हातात नसतो. इतर धरणांवर तो जलसंपदा खात्याच्या अभियंत्याच्या हातात असतो, आणि समन्वयाचा पहिला कस तिथे लागतो. विसर्ग वाढवण्याआधी जिल्हा कक्षाला कळलं का, तिथून तहसीलदाराला, तिथून नदीकाठच्या पोलीस पाटलाला कळलं का, आणि पाणी पोचायला किती तास आहेत, हे सांगितलं का? नुसता 'इतके हजार क्युसेक सोडले' हा निरोप गावाच्या काही उपयोगाचा नाही. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. माझ्या उंबऱ्याला पाणी कधी लागेल, हे त्यावरून शेतकऱ्याने कसं काढावं? निरोप फुटांत आणि तासांत यायला हवा.

खाली कृष्णेवर अलमट्टी धरण आहे, ते कर्नाटकात. २०१९ च्या महापुरात त्याच्या विसर्गावरून दोन्ही राज्यांत मोठा वाद झाला. त्या पुराचा अभ्यास करायला राज्याने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणं यांवर बोट ठेवलं, अलमट्टीला दोषी धरलं नाही. सांगली-कोल्हापुरात हे अनेकांना आजही पटलेलं नाही आणि वाद चालूच आहे. पण नदी राज्याची हद्द मानत नाही, तेव्हा दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांनी पावसाळ्यात रोज बोललं पाहिजे, एवढं तरी त्यानंतर दोन्हीकडे मान्य झालं.

३९ फुटांना जिल्हा यंत्रणा सावध होते. आंबेवाडी आणि प्रयाग चिखली ही गावं सर्वांत आधी हलवायची, हे ठरलेलं असतं, कारण पाणी त्यांना आधी वेढतं. इथे कायद्याच्या पुस्तकात नसलेली एक अडचण येते. माणसं निघायला तयार असतात, जनावरं सोडून निघत नाहीत. दावणीला दोन म्हशी बांधून कुणी बाई बोटीत बसणार नाही, आणि त्या बाईला दोष देण्यात अर्थ नाही, तिचं घर त्या म्हशींवर चालतं. म्हणून चिखली हलवायची तर पाणी रस्त्यावर येण्याआधी हलवावी लागते. तेव्हा जनावरं चालत येतात, टेम्पोत बसतात. पाणी आल्यावर फक्त माणसं काढता येतात. म्हणजे 'वेळेत हलवलं' याचा अर्थ पशुसंवर्धन खातं, चाऱ्याची सोय आणि उंचावरची मोकळी जागा हे सगळं निवारा केंद्राच्या आधी तयार असणं. २०१९ नंतर लोक स्वतःच लवकर बाहेर पडू लागले. त्या पुरात पंचगंगा ५५ फुटांपर्यंत गेली होती, २०२१ मध्ये त्याहून वर.

त्याच २०१९ च्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली. गावची बोट होती, क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती, पाण्याला ओढ होती. बाया, लेकरं बुडाली. बोट होती, ती चालवायला तयार असलेली माणसंही होती. नव्हतं ते एकेकाला हात धरून थांबवणारं, लाइफ जॅकेट चढवणारं आणि 'पुढची खेप येणार आहे' हा विश्वास देणारं कुणी. पुढची बोट नक्की येणार याची खात्री असेल तरच माणूस पहिल्या बोटीत घुसत नाही. हा विश्वास निर्माण करणं हे यंत्रणेचं काम आहे आणि त्यासाठी लागणारा खर्च बोटीच्या किमतीपेक्षा फार कमी आहे.

मदतीला येणाऱ्या दलांचा क्रम साधारण असा. सर्वांत आधी गावकरी, मग नगरपालिकेचं अग्निशमन दल आणि पोलीस. मग राज्य आपत्ती प्रतिसाद दल, जे राज्य राखीव पोलीस दलातली माणसं घेऊन उभं केलं आहे आणि ज्याच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला आहेत. मग एनडीआरएफ, ज्याची पाचवी बटालियन पुणे जिल्ह्यात तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. हे भागेना तर भूदल, नौदल, तटरक्षक दल, हवाई दल. त्यांना मागणी राज्य सरकारमार्फत जाते. जवळच ठाणं असेल आणि वेळ नसेल तर जिल्हाधिकारी तिथल्या प्रमुखाशी थेट बोलू शकतात. कुणीही आलं तरी हुकूम जिल्हाधिकाऱ्याचाच राहतो. लष्कर येतं ते मदतीला, जिल्ह्याचा ताबा घ्यायला नाही.

इतकी दलं एका ठिकाणी जमली की गोंधळ अटळ असतो. त्यावर उपाय म्हणून राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१० मध्ये 'घटना प्रतिसाद प्रणाली' आणली. नाव जड आहे, कल्पना घरगुती आहे. लग्नघरात कोठीच्या चाव्या एकाकडे, मांडव दुसऱ्याकडे, पाहुण्यांची ने-आण तिसऱ्याकडे आणि शेवटचा शब्द घरच्या कर्त्याचा, तसंच इथेही. घटनास्थळी एक प्रमुख. त्याच्या हाताखाली प्रत्यक्ष बचाव करणारे, पुढच्या बारा तासांचं नियोजन करणारे आणि सामान-जेवण-इंधन पुरवणारे असे वेगळे गट. प्रत्येकाला एकच वरिष्ठ. माध्यमांशी बोलणारा ठरलेला. मंत्र्यांचा ताफा आला तरी बचावाच्या प्रमुखाने जागा सोडायची नाही, हेही यात अभिप्रेत आहे आणि ते पाळणं सगळ्यांत अवघड जातं.

यादीत नसलेलं गाव

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या अंगावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकरवाडी, गाडीरस्ता नाही, वर जायला पायवाट. अंधार, पाऊस आणि चिखल. जेसीबी वर चढवता येईना, हवा खराब म्हणून हेलिकॉप्टर उतरेना. जवान, ट्रेकर, आसपासचे गावकरी घमेली आणि फावडी घेऊन हातांनी माती उपसत राहिले. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता म्हणून नोंदले गेले. चौथ्या दिवशी शोध थांबवावा लागला.

तिथे समन्वयात कमी पडलं असं म्हणता येणार नाही. पहाटेपर्यंत यंत्रणा पायथ्याला होती. अडचण आधीची होती. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडी नव्हतीच. माळीण २०१४ मध्ये गेलं, तळिये २०२१ मध्ये गेलं, दर वेळी याद्या नव्याने झाल्या, आणि तरी पुढचं गाव यादीबाहेरचं निघालं. आराखडा ज्ञात धोक्यापुरताच चालतो. डोंगराला पडलेल्या भेगा, अचानक गढूळ झालेला झरा, वाकलेली झाडं हे आधी दिसतं ते तिथे राहणाऱ्याला, आणि त्याचं म्हणणं तहसीलपर्यंत जाण्याची पक्की वाट अजून नाही. निरोप वरून खाली जायला आपण भरपूर सोयी केल्या: 'सचेत' ॲप, विजेसाठी 'दामिनी' ॲप, एकाच वेळी सगळे मोबाइल वाजवणारा संदेश. खालून वर जाणाऱ्या निरोपासाठी फक्त १०७७ आहे, आणि तो नंबर वाडीवर कुणाला माहीत असतो?

वरून खाली येणारा निरोपही शेवटच्या टप्प्यात अडखळतो. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून मुठेत विसर्ग वाढला आणि पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. आपल्याला वेळेत सांगितलंच नाही, अशी तिथल्या रहिवाशांची तक्रार होती. पुण्यासारख्या शहरात, धरणापासून काही किलोमीटरवर. गावात निदान पोलीस पाटील आहे, दवंडी आहे, देवळाचा भोंगा आहे. शहरातल्या सोसायटीला रात्री दोन वाजता उठवायचं काम नेमकं कोणाचं, याचं एका शब्दातलं उत्तर आजही मिळत नाही. हीच उणीव ओळखून आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या २०२५ च्या दुरुस्तीने राजधान्या आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी वेगळं शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमण्याची तरतूद आली. त्यात पुढाकार महापालिका आयुक्तांचा राहील.

पैसे कुठून येतात

प्रत्येक राज्याचा एक आपत्ती प्रतिसाद निधी असतो. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यातले ७५ टक्के केंद्र देतं आणि २५ टक्के राज्य. संकट राज्याच्या आवाक्याबाहेरचं असेल तर राष्ट्रीय निधीतून जादा मदत मागता येते, त्यासाठी दिल्लीहून पथक पाहणीला येतं. 'एनडीआरएफच्या निकषांप्रमाणे मदत' असं बातमीत असतं तेव्हा तो उल्लेख या राष्ट्रीय निधीचा असतो, बोटीतल्या जवानांच्या दलाचा नाही; दोघांचं इंग्रजी लघुरूप एकच आहे. निकष केंद्राचे असतात. मृताच्या वारसाला चार लाख रुपये, पिकाचं ३३ टक्के किंवा अधिक नुकसान असेल तरच भरपाई, असे ते ठरलेले असतात. राज्याला वाढवून द्यायचं असेल तर आपल्या तिजोरीतून द्यावं लागतं.

कुठली आपत्ती निधीत बसते याचीही यादी आहे. पूर, भूकंप, चक्रीवादळ, दुष्काळ, गारपीट, दरड वगैरे केंद्राच्या यादीत आहेत. वीज पडून माणूस गेला किंवा अवकाळीने द्राक्षबाग झोपली तर ते त्या यादीत नव्हतं, म्हणून महाराष्ट्राने राज्यापुरत्या आपत्ती म्हणून त्यांचा समावेश केला. निधीच्या १० टक्क्यांपर्यंत रक्कम त्यासाठी वापरता येते.

आणि मग पंचनामा. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून तो करतात. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी मानतात. पाऊस मोजायचं यंत्र मंडळाच्या एका गावात असतं, ढग मात्र शेजारच्या गावावर फुटतो, आणि तिथला शेतकरी आकड्यात बसत नाही. अशा वेळी प्रत्यक्ष नुकसानीचा पंचनामा मागावा, शेताचे फोटो तारखेसह काढून ठेवावेत, पंचनाम्यावर सही करण्याआधी गट नंबर आणि क्षेत्र वाचून बघावं, आणि नाव सुटलं तर तहसीलदाराकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापूरकडे सीनेकाठी पूर आला. तिथल्या माणसाला दुष्काळाचे कागद कसे भरायचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, पुराचे कागद नवे होते.

पंधराव्या वित्त आयोगाने या सगळ्या निधीतला २० टक्के भाग प्रतिसादातून वेगळा काढून सौम्यीकरणासाठी, म्हणजे संकट येण्याआधीच त्याची धार कमी करण्यासाठी, राखून ठेवला. दरडीच्या अंगाला जाळ्या, नाल्यांचं रुंदीकरण, धोक्याच्या वस्तीचं पुनर्वसन ही कामं त्यात येतात. ती संथ असतात, तिथे फोटो निघत नाहीत, आणि म्हणून ती मागे पडतात.

नदीकाठी जलसंपदा खातं दोन रेषा आखतं. निळी रेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. रेषा एक खातं आखतं, परवानगी नगरपालिका किंवा महापालिका देते, आणि बुडाल्यावर माणसं जिल्हाधिकाऱ्याने काढायची. खरं तर २००५ च्या कायद्यातल्या कलम ३० ने जिल्हा प्राधिकरणाला बांधकाम तपासण्याचा आणि नियम मोडलेले दिसले तर संबंधित संस्थेला कारवाई करायला सांगण्याचा अधिकार दिला आहे. त्यासाठी पूर यावा लागत नाही, तो जानेवारीतही वापरता येतो. पण हे कलम वापरलं गेल्याचं ऐकू येतं ते क्वचितच. प्राधिकरणाचे सहअध्यक्ष लोकांनी निवडून दिलेले जिल्हा परिषद अध्यक्ष असतात, तेव्हा हा प्रश्न विचारायची जागा तीच. २०२२ नंतर बराच काळ राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक होते, आणि त्या काळात ही खुर्ची रिकामीच राहिली.